वृद्धाश्रमात नुसत्या टाळ्या नकोत, घाम येईल असं काही सुचवा (बडोदा)

कामाटीबागवाली

नमस्कार मंडळी. वाघोडिया रोडच्या पलीकडे एका वृद्धाश्रमात मी संध्याकाळचे कार्यक्रम बघते. पगारी काम आहे, तेव्हा "केवढी थोर सेवा करता" वगैरे लिहू नका, सल्ला द्या. चाळीसच्या आसपास मंडळी आहेत, वय अडुसष्ट ते एक्क्याण्णव. निम्मी मराठी, बाकी गुजराती, आणि एक सिंधी काका आहेत ते दोन्ही भाषांत भांडतात.

"व्यायाम" या नावाखाली आमच्याकडे सध्या चालतं ते असं: गोल मांडलेल्या खुर्च्या, स्पीकरवर भजन, टाळ्या, मान डावीकडे, मान उजवीकडे, हात वर करून "हसा सगळे", मग चहा. अर्धे लोक चहाकडे डोळे लावून असतात, दोघं-तिघं सरळ झोपतात. परवा एक माई, वय ८४, सगळं संपल्यावर मला म्हणाल्या, "हे झालं. आता व्यायाम कधी आहे?" चेष्टा करत नव्हत्या हो. खरंच विचारत होत्या.

मला जरा जोमाचं हवंय. श्वास वाढेल, पाय बोलतील, दुसऱ्या दिवशी त्याची चर्चा होईल असं. अडचणी सांगते. गुडघे जवळजवळ सगळ्यांचे गेलेले. चार जण वॉकरवर, तिघं व्हीलचेअरवर, एका काकांना पार्किन्सन, एका बेनचा पक्षाघातानंतर डावा हात उचलत नाही. दोघी-तिघींना काही आठवत नाही, समोर मुलगी उभी राहिली तरी ओळख पटत नाही, पण गाणं लागलं की ओठ हलतात. जागा म्हणजे एक हॉल आणि फरशी घातलेलं अंगण. गच्ची आहे, पण लिफ्ट तिथवर जात नाही.

दुसरं म्हणजे बाहेर नेणं. देवळाशिवाय दुसरीकडे न्यायचं म्हटलं की ट्रस्टींच्या कपाळाला आठ्या. एकच प्रश्न: "कुणी पडलं तर?" यावर काय बोलायचं तेही सांगा. लेझीम, गरबा, पतंग, काहीही चालेल. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर फारच बरं.

फिजिओ_अलकापुरी

ताई, "पडलं तर" पासूनच सुरू करतो, कारण सगळ्या आश्रमांत गाडं तिथेच अडतं. बसवून ठेवल्याने माणूस पडायचा थांबत नाही. मांड्या वापरल्या नाहीत की भराभर उतरतात, मग रात्री संडासला उठताना खुर्चीचा, पलंगाचा आधार सुटला की संपलं. ट्रस्टींना जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना छापून द्या. पासष्टच्या पुढच्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि शिवाय आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद या दोन्हींचा व्यायाम करावा, असं त्यात आहे. तब्येतीमुळे तेवढं जमत नसेल त्यांनी झेपेल तेवढं करावं. मान डावीकडे-उजवीकडे करून हे भरून निघत नाही.

या वयात ताकद वाढत नाही, ही समजूत १९९० मध्येच निकालात निघाली. बॉस्टनमधल्या एका शुश्रूषागृहातल्या ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांडीच्या पुढच्या स्नायूंचा वजन लावून व्यायाम करून घेतला. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, दोघांची चालतानाची काठी सुटली. पुढे १९९४ मध्ये शंभर जणांवर मोठा प्रयोग झाला. वजनाच्या व्यायामाने ताकद, चालण्याचा वेग, जिना चढणं सगळं सुधारलं. नुसतं पौष्टिक पेय ज्यांना दिलं त्यांना तो फायदा मिळाला नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण देणगीदारांना प्रोटीन पावडरचे डबे द्यायला फार आवडतं.

आता कामाचं. सुरू करण्याआधी प्रत्येकाची दोन मापं वहीत लिहा. एक, भिंतीला टेकवलेली, न हलणारी खुर्ची, हात छातीवर, आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं. ८० ते ८४ वयाच्या बाईंचा आकडा नऊच्या खाली असेल तर पडण्याचा धोका जास्त समजायचा, त्याच वयाच्या पुरुषाचा दहाच्या खाली. दोन, खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन, वळून, परत येऊन बसायला लागणारा वेळ. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर सांभाळून. ही मापं कुणाला बाहेर काढायला वापरू नका. कोण मोकळं उभं राहील, कोण खुर्चीची पाठ धरून, कोण बसून, एवढं ठरवायला वापरा, आणि दोन-तीन महिन्यांनी तीच पुन्हा घ्या.

जोर किती? बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. नाडी मोजत बसू नका. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे ती फसवते. वजन उचलताना श्वास कोंडू द्यायचा नाही, मोठ्याने आकडे मोजायला लावलं की आपोआप सुटतो. हाडं ठिसूळ असलेल्यांना पुढे वाकून पायाचे अंगठे धरायला लावू नका, पाठीच्या मणक्याला चीर जाते. योगशिक्षक हमखास हे करून घेतात. इन्शुलिनवाल्यांनी उपाशीपोटी करू नये, बिस्किटं जवळ ठेवा. उठल्या उठल्या चक्कर येणाऱ्यांना बसल्या जागी पावलं हलवून, थांबून मग उभं करा. छातीत दाब, एकाएकी दम, बोलणं अडखळणं दिसलं तर तिथेच बंद आणि डॉक्टर.

पार्किन्सनच्या काकांसाठी ताल म्हणजे औषधच. ठोक्यावर पाऊल टाकायला सांगा, मोठ्या मोठ्या हालचाली द्या, आणि त्यांच्या गोळीचा असर असतो त्या वेळेतच घ्या. पक्षाघाताच्या बेनना उजव्या हाताने डाव्याचं मनगट धरून स्वतःच उचलू दे. दुसऱ्या कुणी तो हात ओढून वर करायचा नाही, खांदा निसटतो. आणि सपाता बंद. मागे पट्टा असलेली सॅंडल नाहीतर कॅनव्हासचे बूट.

पुण्यातला मुलगा

माझी आई बडोद्याच्याच एका आश्रमात आहे. मागच्या नवरात्रात फोनवर म्हणाली, "आज गरबा खेळले." माझे हातपाय गार. तिचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. ताई, उत्साह समजतो, पण घरच्यांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय काही करू नका. आम्ही लांब असतो, काही झालं तर धावत येणारे आम्हीच.

निवृत्त गार्ड, प्रतापनगर

मी त्या गोलातल्या खुर्चीत बसणारा माणूस आहे. आश्रम दुसरा, खुर्ची तीच. वय ८३. रेल्वेत गार्ड होतो, डभोईच्या छोट्या गाडीवर बरीच वर्षं काढली. (डभोई-मियागाम ही देशातली पहिली नॅरोगेज लाइन, १८६२ ची, सुरुवातीला डबे बैल ओढायचे. इथल्या विषयाशी संबंध नाही, पण मला संधी मिळाली की मी सांगतो.)

लहानपण दांडिया बाजारात गेलं. त्या काळी संध्याकाळी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचं की नाही असं घरात कुणी विचारत नसे, जायचंच. प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा. लेझीम, मुद्गल (फिरवायच्या लाकडी गदा), मलखांब, फरीगदका (ढाल-काठीचा खेळ). तिथले वस्ताद तोंडातून कधी "वा" काढत नसत. कोपर जरा खाली आलं की छडी नेमकी कोपराला लागायची. दुखायचं, पण ते तुमच्याकडे बघत होते एवढं कळायचं. आता आमच्याकडे काय होतं? मी हात पूर्ण वर केला, अर्धा केला, शालीतून बाहेरच काढला नाही, तिन्हीला "अरे वा आजोबा!" ज्या कामात चूक होऊच शकत नाही ते काम शहाण्या माणसाने मन लावून का करावं? तुमच्याकडचे लोक झोपतात ते म्हातारे आहेत म्हणून झोपत नाहीत. त्यांना कुणी काही शिकवत नाहीये म्हणून झोपतात.

तर ताई, करमणूक नको, शिकवणी लावा. चुकलं की चुकलं म्हणा. आमच्याकडे हे सुरू झालं ते माझ्या कटकटीमुळे, आणि शिकवतोही मीच, खुर्चीत बसून. छडी नाही, पण तोंड आहे.

लेझीम आणायची ती शाळेची हलकी, लाकडी दांडा आणि चकत्यांची तार. आखाड्यातली लोखंडी साखळीची जड लेझीम आणू नका, ती आमच्या खांद्यांना आता पेलत नाही. खुर्चीच्या पुढच्या कडेला बसायचं, पाठ टेकायची नाही, पावलं पूर्ण जमिनीवर. पाठ न टेकता दहा मिनिटं बसून बघा, पोटाला कळतं. आधी नुसते चार आवाज, हातांनी. ते सगळ्यांचे एका वेळी पडेपर्यंत पुढे जायचं नाही. आठवडे गेले तरी चालतील, कुठे गाडी पकडायचीय? मग आगे पाव, म्हणजे बसल्या बसल्या टाच पुढे टाकायची, एकदा डावी, एकदा उजवी. त्यानंतर ज्यांना जमतं त्यांनी चौथ्या आवाजाला उभं राहायचं आणि पुढच्या चौथ्याला बसायचं. वर फिजिओ साहेबांनी लिहिलेलं उठणं-बसणं ते हेच, फक्त "अजून पाच वेळा आजी, अजून चार वेळा" हे रडगाणं नाही. ढोल चालू असताना मोजायचं सुचतच नाही.

एक अडचण कुणी सांगत नाही ती सांगतो. कानात यंत्र असलेल्यांना चकत्यांचा आवाज मेंदूत घुसतो. आमच्याकडच्या एक बेन दोनदा उठून गेल्या, सगळ्यांना वाटलं रुसल्या. यंत्र काढून ठेवायला सांगितलं, ढोलाच्या अगदी शेजारी बसवलं. ठोका छातीत जाणवतो, ऐकू यायची गरज नाही. त्याच बेन, आयुष्यात लेझीम हातात धरली नव्हती, आता मला विचारतात, "भाई, मारो हाथ बराबर छे?" आणि बरोबर नसेल तर मी नाही म्हणतो. एकदा तीन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. चौथ्या दिवशी हात सुधारून आल्या.

मुद्गल सुताराकडून अर्ध्या-अर्ध्या किलोचे करून घेतले, मुठीला मनगटात अडकवायला दोरीचा फास. पाठीमागून फिरवायचे नाहीत, खांदे आखडलेले असतात. पुढच्या पुढे, लंबकासारखे. दोन खुर्च्यांत एक हात अधिक एक मुद्गल एवढं अंतर, नाहीतर शेजाऱ्याचा चष्मा गेलाच.

गरबा. बडोद्यात राहून गरब्याला बसून टाळ्या वाजवायच्या म्हणजे शिक्षा आहे. बसून खेळायचा असेल तर नीट खेळा. आम्ही मधे खुर्च्यांचा एक गोल करतो, तोंडं आत, मधोमध गरबो, म्हणजे भोकांचा मातीचा घट, त्यात दिवा बॅटरीचा. बसलेल्यांचा बे ताली, त्रण ताली (दोन टाळ्यांचा, तीन टाळ्यांचा): पुढे वाकून टाळी, उजव्या मांडीकडे टाळी, डोक्यावर टाळी. गोल फिरत नाही ही खरी चुटपुट, म्हणून प्रत्येक फेरीला एकेक दांडिया उजवीकडच्याला द्यायचा. गरबो नाही फिरला तर दांडिया फिरतात. जे चालू शकतात ते खुर्च्यांच्या बाहेरून फिरतात, डाव्या हाताने खुर्चीची पाठ धरत धरत, एक सोडली की दुसरी. त्यांचा तोल जायचं भय त्यामुळे निम्मं होतं. व्हीलचेअरवाले बाहेरच्या गोलातच, ढकलायला माणूस. गेल्या वर्षी एका कॉलेजची पोरं आली होती मदतीला, उत्साहात खुर्च्या अशा पळवल्या की एका दादांची चप्पल चाकात अडकली. तेव्हापासून ढकलणारा आमचा रोजचाच माणूस, आणि पाय पायटीवर पट्ट्याने. गाण्याचा वेग दुसऱ्या टप्प्यापर्यंतच. तिसऱ्याला आम्ही बसतो आणि पोरांना नाचताना बघतो, त्यांच्या चुका काढतो.

उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचे पतंग. गच्चीचा विचार सोडा, अंगण किंवा जवळचं मोकळं मैदान चालेल. पतंग नाही उडवला तरी फिरकी धरायला दोन तगडे हात लागतात. ढील देताना फिरकी सैल धरायची, मग पटापट दोरी गुंडाळायची, दहा मिनिटांत मनगटं भरून येतात. दोरी मात्र साधी. आमच्यापैकी अर्धे रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात आणि कातडी कागदाची, मांजा लागला तर रक्त थांबता थांबत नाही. बोटांना चिकटपट्टी, डोळ्यांना गॉगल. गॉगल घातलेल्या आज्यांचे फोटो काढून नातवंडांना पाठवा, ट्रस्टींचा विरोध तिथेच मावळतो.

बाहेर न्यायचं तर सयाजीबागेत न्या, पण फुलांचं घड्याळ बघून परत असं नको. थंडीत दहाच्या सुमाराला विश्वामित्री नदीच्या पुलावर थांबा. उन्हाला आलेल्या मगरी दिसतात. जन्म बडोद्यात गेलेली माणसं, आणि मगर शेवटची कधी बघितली विचारा, बऱ्याच जणांना शाळेतलं आठवतं. मग म्युझियम, १८९४ चं. तिथे निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे आणि इजिप्तची ममी आहे. आमच्यातले एक वकील ममीपुढे उभे राहून म्हणाले, "ही माझ्याहून जुनी, हिला पेन्शन कोण देतं?" पायऱ्या आणि व्हीलचेअरचं आदल्या दिवशी जाऊन बघून या.

सहल कुठे न्यायची हे संडास ठरवतो, ट्रस्टी नाही. हे कुणी बोलत नाही पण आम्ही सगळे तोच विचार करतो आणि "मला बरं वाटत नाही, तुम्ही जा" म्हणून मागे राहतो. बसता येईल असा संडास कुठे आहे, किती पायऱ्या आहेत, हे आधी जाहीर करा. लघवीची गोळी त्या दिवशी परत आल्यावर घेता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. मग बघा किती नावं येतात.

आणि पुण्याचे चिरंजीव, एक विचारतो. परवानगी तुमची का? आईची शुद्ध हरपलीय का?

कामाटीबागवाली

गार्डकाका, तुमचं सगळं मी वहीत उतरवून घेतलं. फिजिओ साहेब, मापं घ्यायला उद्यापासून सुरुवात करते. दोन शंका आहेत. ज्यांना विसर पडतो त्यांना "चुकलं" म्हणायचं का? आणि आमच्याकडे दोन आजी आहेत, काहीही ठरवा, त्या येत नाहीत. खोलीतच बसतात. बोलावून बोलावून थकले.

निवृत्त शिक्षिका (मानसशास्त्र)

दुसऱ्या शंकेवर. बोलावणं थांबवा आणि ठरवायला त्यांना बोलवा. १९७६ चा एक प्रयोग आहे, अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका शुश्रूषागृहात एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी केलेला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमच्या खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, हे एक रोपटं हवं तर निवडा आणि त्याची निगा तुम्ही करा, सिनेमा कुठल्या रात्री बघायचा ते तुम्ही सांगा. दुसऱ्या मजल्यावर सिनेमाही दिला, रोपटंही दिलं, फक्त "पाणी परिचारिका घालतील" असं सांगितलं. तीन आठवड्यांत पहिला गट जास्त आनंदी, जास्त हिंडता-फिरता दिसला. दीड वर्षाने पाहिलं तर त्या गटात मृत्यूही कमी होते. माणसं थोडी होती, त्यामुळे मृत्यूच्या आकड्यावर फार भार टाकू नये असं माझं मत, पण निवडीने माणूस जागा होतो हे मी वर्गात आणि घरात दोन्हीकडे पाहिलंय.

त्या दोन आजींना "लेझीम खेळायला चला" म्हणू नका. "ढोल हवा की पेटी, वेळ पाचची की सहाची, आणि मगरी बघायच्या की ममी, आम्हाला ठरत नाहीये" असं विचारा. एक जण वेळ सांगण्याचं काम घेईल, दुसरी कोण चुकतं ते बघेल. गार्डसाहेबांसारखी चुका काढायची हौस बऱ्याच जणांना असते, वाव मिळत नाही.

विसर पडलेल्यांना शब्दांत सूचना देऊ नका. समोर बसा, आरशासारखं करून दाखवा, एका वेळी एकच हालचाल. "चुकलं" हे त्यांच्या हाताला कळतं, कानाला नाही, तुमचा हात पुन्हा योग्य जागी गेला की त्यांचाही जातो. गाणी त्यांच्या विशीतली लावा. स्पीकरवरची नवी रिमिक्स त्यांना गोंगाट वाटतात.

पुण्यातला मुलगा

गार्डकाका, उत्तर द्यायचं म्हणून देतो. आईची शुद्ध माझ्यापेक्षा बरी आहे. पण रात्री दोनला फोन वाजतो तेव्हा काय होतं ते तुम्हाला माहीत नाही. मला परवानगी नको असेल तर निदान सांगा तरी. आणि खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांनी हे सगळं करावं का, हे फिजिओंनी स्पष्ट लिहावं.

फिजिओ_अलकापुरी

रास्त प्रश्न. खुबा बदलून किती काळ झाला आणि सर्जनने काय मनाई केलीय, ते आधी पाहावं लागतं. सुरुवातीच्या महिन्यांत बऱ्याच जणांना खुबा नव्वद अंशांपुढे वाकवणं, पाय पायावर टाकणं, पाय आत वळवणं मना असतं. अशांना उंच खुर्ची द्या, आणि गार्डसाहेबांच्या गरब्यातली पुढे वाकून टाळी त्यांनी छातीसमोर वाजवावी. मनाई उठल्यावर मांडी आणि कुल्ल्याचे स्नायू मजबूत करणं हाच तर उपचार आहे. आईंना गरबा बंद करायला सांगू नका. कुठल्या खुर्चीवर बसल्या होत्या ते विचारा.

घरच्यांसाठी एक पानी पत्र चांगलं: काय करतो, कोण हजर असतं, कुणाचं माप काय. सही रहिवाशाची, प्रत मुलांना. ज्यांना स्वतःचं ठरवता येत नाही त्यांच्यापुरती घरच्यांची सही घ्या.

निवृत्त गार्ड, प्रतापनगर

चिरंजीव, दोनच्या फोनचं मला माहीत आहे. माझी बायको अशीच गेली, आणि फोन मला आला होता. प्रत पाठवायला माझी हरकत नाही. फक्त त्या दिवशी रात्री आईला फोन केलात तर "पडली नाहीस ना?" असं पहिलं वाक्य नको. "तालीत चुकलीस का?" विचारा.

ताई, एक राहिलं. नात डेन्मार्कला असते, तिने सांगितलं की कोपनहेगनला २०१२ पासून वृद्धाश्रमातल्या लोकांना पुढे दोघं बसतील अशा तीनचाकी सायकलीवरून शहरात फिरवतात. चालवणारे हौशी लोक, फुकट. आता ही चाल कितीतरी देशांत गेलीय. आपल्याकडे तशा सायकली कुठून आणणार, पण ई-रिक्षा आहेत, उघड्या, हळू, चढायला ठेंगण्या. आम्ही एक ठरवून घेतो, पहाटे सहाला, सूरसागराला एक वळसा, मग न्यायमंदिर, मांडवी, आणि परत येताना सेव-उसळ. वाटेत रिक्षावाल्याला रस्ता सांगायचं काम आळीपाळीने एकेकाचं. चुकीचा रस्ता सांगितला तर चुकीच्या रस्त्याने जायचं.

कामाटीबागवाली

सेव-उसळीवर ट्रस्टी काय म्हणतील ते बघते. ढोल आहे आमच्याकडे, गणपतीतला. लेझिमी वीसेक लागतील, त्या निवडताना काय बघायचं?

निवृत्त गार्ड, प्रतापनगर

खंडेराव मार्केटच्या बाजूला चौकशी करा, नाहीतर शाळांना क्रीडासाहित्य पुरवणारे असतात. ढीग उचलून आणू नका, एकेक वाजवून घ्या. दांड्याला तासलेल्या लाकडाची कूस नको, हाताला लागते, काचकागद मारून घ्या. चकत्यांच्या तारेची दोन्ही टोकं आत वळवलेली आहेत का ते बोटाने चाचपून बघा, नाहीतर पातळ कातडीवर ओरखडा पडतो. आणि पाच-सहा जादा घ्या. पहिल्या आठवड्यात सगळे म्हणतील आम्हाला नको, दुसऱ्या आठवड्यात कमी पडतील.